स्थानी आणि आदेश : ‘पर्यायी वनीकरण’ या पदाचे वाचन

मराठीतील ‘पर्याय’ हा शब्द तीन भिन्न नाती एकाच वेळी वाहतो. ‘अरण्य’, ‘विपिन’, ‘कानन’ हे ‘वन’ या शब्दाचे पर्याय असतात. दोन मार्गांपैकी एक निवडायचा असेल तर ते दोन्ही मार्ग पर्याय असतात. आणि एक वस्तू नसताना तिच्या जागी दुसरी आणली, तर तिलाही पर्यायच म्हटले जाते. समानार्थ, विकल्प आणि प्रतिनिधान यांतील भेद रोजच्या बोलण्यात पुसला गेला तरी फारसे बिघडत नाही. परंतु हाच शब्द शासनव्यवहारात पारिभाषिक पद होऊन येतो, तेव्हा कोणते नाते अभिप्रेत आहे हे विचारणे भाग पडते. ‘पर्यायी वनीकरण’ हे असे पद आहे, आणि गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात ते केवळ शब्दार्थचर्चेचा विषय राहिलेले नाही.

त्या तालुक्यातील सूरजागडच्या डोंगरावर लोहखनिजासाठी २००७ साली ३४८.०९ हेक्टर क्षेत्राचा खाणपट्टा देण्यात आला. २०१६ मध्ये उत्खनन सुरू झाले. १९८० च्या वनसंवर्धन अधिनियमाखालील व्यवस्थेनुसार अशा वेळी सामान्यतः तितक्याच वनेतर जमिनीवर, किंवा काही प्रसंगी दुप्पट अवनत वनक्षेत्रावर, झाडे लावावी लागतात. शिवाय वनाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावे लागते; २००८ मध्ये त्याचे दर हेक्टरी ४.३८ लाखांपासून १०.४३ लाख रुपयांपर्यंत ठरले, आणि पुढे २०२२ मध्ये ते वाढवण्यात आले. वनाच्या जागी रोपवन आणि वनाच्या जागी रक्कम, अशी ही दोन प्रतिनिधाने आहेत.

याकोबसनने १९५६ मध्ये मांडलेल्या निवडीच्या अक्षावर एक शब्द काढून दुसरा ठेवता येतो, कारण वाक्यातील जागा तशीच राहते. संरचनावादी समीक्षेने या अक्षाची चर्चा पुष्कळ केली. जागेची मात्र फारशी केली नाही. पाणिनीच्या व्याकरणात ती जागाच पायाभूत आहे. ज्याच्या ठिकाणी दुसरे येते तो ‘स्थानी’, आणि जे येते तो ‘आदेश’. ‘अस्’ या धातूच्या स्थानी ‘भू’ आला की तो धातूच ठरतो आणि ‘भवितव्य’सारखे रूप सिद्ध होते. स्थानीचे अधिकार आदेशाला मिळतात. पण एका अपवादासह. जी कार्ये मूळ रूपातील वर्णांवरच अवलंबून असतात, ती आदेशाला लागू होत नाहीत. ‘क्षेत्रफळ’ आणि ‘वृक्षसंख्या’ हे वनाचे संक्रमणक्षम धर्म मानले, तरी मोहाचे विशिष्ट झाड, डोंगराच्या कुशीतला विशिष्ट झरा, त्यांवर चालणारे गावाचे वर्ष हे सारे ‘वर्णाश्रित’ आहे.

त्याहून महत्त्वाचे असे की, वनीकरणातला आदेश स्थानीच्या स्थानी येतच नाही. तो दुसरीकडे उभा राहतो. मूळ स्थानी खाण असते. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर येथे आदेश झालेला नाही. एका वाक्यात लोप झाला आहे आणि दुसऱ्याच एका वाक्यात एक शब्द वाढला आहे.

मीमांसकांनी हा प्रश्न अधिक कठोरपणे हाताळला. सोम न मिळाल्यास पूतीका चालते, व्रीहीऐवजी नीवार चालतो. म्हणजे द्रव्याला प्रतिनिधी असतो. देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना तो नसतो, यजमानालाही नसतो. सूरजागडच्या डोंगरावर माडिया समाजाच्या ठाकूरदेवाचे ठाणे आहे, आणि दर जानेवारीत तेथे यात्रा भरते. डोंगर हे द्रव्य की देवता, या प्रश्नाच्या उत्तरावर प्रतिनिधानाची शक्यताच अवलंबून आहे. ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला, आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला.

माडियांच्या श्रद्धेसाठी जैमिनीची साक्ष काढणे हेही एक प्रतिनिधानच नव्हे काय, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. गोंड प्रदेशात रोजच्या जेवणात असणारा कोद्रव, म्हणजे कोदो, याच शास्त्राने यज्ञाला अयोग्य ठरवून प्रतिनिधी म्हणूनही नाकारला आहे. तेव्हा मीमांसेकडून घ्यायचा तो तिचा तर्क. तिची अधिकारव्यवस्था नव्हे. ठाकूरदेवाविषयी बोलण्याचा अधिकार त्या इलाख्यातील ग्रामसभांचाच.

रकमेच्या प्रतिनिधानाविषयी मराठी भाषेनेच एक नोंद करून ठेवली आहे. अरबीत ‘मोबदला’ या अर्थाचा जो शब्द, त्यापासून आपला ‘ऐवजी’ आला, आणि ‘ऐवज’ही. बदल्यात मिळते ते, हा अर्थ मागे पडून ‘ऐवज’ म्हणजे खुद्द मौल्यवान वस्तू झाली. चोरीच्या बातमीत लाखांचा ऐवज जातो, तो कशाच्या ऐवजी होता हे कोणी विचारत नाही. ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ या संज्ञेची वाटचाल त्याच दिशेने चाललेली दिसते.

जैमिनीचा आणखी एक निर्णय येथे लागू पडतो. प्रतिनिधी म्हणून आणलेली पूतीकाही नष्ट झाली, तर नवे द्रव्य पूतीकेशी नव्हे, सोमाशी सदृश असावे. रोपवनाच्या मूल्यमापनात मात्र लावलेल्या रोपांपैकी किती रोपे जगली याची टक्केवारी काढली जाते, आणि मेलेल्या रोपांच्या जागी पुन्हा रोपेच लावली जातात.