‘हेमाडपंती’ : एका संज्ञेचा विचार

सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराचे वर्णन करताना ‘हेमाडपंती’ हे विशेषण जवळजवळ आपोआप योजले जाते. ते कितपत सार्थ आहे, हे तपासणे अगत्याचे आहे.

हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध होय. गोंदेश्वर मात्र सामान्यतः अकराव्या-बाराव्या शतकांतले मानले जाते. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख तर शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, आणि ते मंदिर यादवांचे नसून शिलाहारांचे. तरीही दोन्ही ‘हेमाडपंती’च!

हा घोटाळा अर्थविस्तारातून उद्भवला आहे. ‘हेमाद्री’चे ‘हेमाड’ झाले, त्यास आदरार्थी ‘पंत’ जोडला गेला आणि ‘ई’ प्रत्ययाने विशेषनामाचे विशेषण बनले. मग ते चुन्याशिवाय दगडावर दगड रचण्याच्या पद्धतीस लागले, पुढे शैलीस, आणि अखेर कोणत्याही जुन्या काळ्या दगडी देवळास. मोडी लिपी व बाजरी यांचे श्रेयही परंपरा हेमाडपंतासच देते. तेव्हा हे नाव लोकस्मृतीचे निदर्शक आहे. वास्तूच्या कर्तृत्वाचा पुरावा नव्हे.

संज्ञा उत्तरकालीन आहे, एवढ्यावरून ती त्याज्य ठरत नाही, असा आक्षेप संभवतो. युरोपातील ‘रोमनेस्क’ हे नावही एकोणिसाव्या शतकातले. डरॅमच्या कॅथीड्रलचे बांधकाम मात्र १०९३ मध्ये सुरू झाले. परंतु ती संज्ञा अर्धवर्तुळाकार कमान, जाड भिंती अशा रूपविशेषांकडे निर्देश करते. ‘हेमाडपंती’ एका व्यक्तीकडे बोट दाखविते, आणि तेही चुकीच्या शतकातील.

गोंदेश्वराचे रूप काय सांगते? मुख्य देवालयाभोवती चार उपदेवालये असलेले हे पंचायतन आहे. त्याचे शिखर भूमिज पद्धतीचे असून चार दिशांच्या उभ्या लतांमधील भागांत लघुशिखरांच्या ओळी एकावर एक चढत जातात. हीच घडण अंबरनाथला, मालेगाव तालुक्यातील झोडग्याला आणि माळव्यात परमारांच्या उदयपूर येथील उदयेश्वरास आढळते. राजवंशांच्या सीमा ओलांडणारा हा संबंध ‘हेमाडपंती’ या शब्दाने झाकला जातो. हीच त्या शब्दाची खरी हानी.

म्हणून लोकव्यवहारात हा शब्द खुशाल नांदावा. अभ्यासकांनी मात्र रचनापद्धतीस ‘चुनाविरहित’ व शिखरास ‘भूमिज’ म्हणावे, आणि काळ शिलालेख व शिल्परूप यांवरून ठरवावा.