पौसानियस : श्रुत आणि दृष्ट
इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पौसानियसने १० खंडांत ग्रीसचे वर्णन केले. वास्तू दाखवावी आणि तिच्याशी निगडित स्थानिक कथा सांगावी, ही त्याची रीत. ऐकलेले नोंदवणे तो कर्तव्य मानतो. त्यावर विश्वास ठेवणे नव्हे. मात्र आठव्या खंडात, क्रोनसने पोसायडनऐवजी शिंगरू गिळल्याची आर्केडियातील कथा सांगताना तो कबूल करतो की, आरंभी अशा कथा त्याला खुळचट वाटत; आता त्यांत प्राचीन ज्ञात्यांची कूटवचने दिसतात. १८७६ मध्ये श्लीमानने मायसीनीच्या तटाआत उत्खनन केले, ते पौसानियसच्या नोंदीच्या आधारे. अशा उपयुक्ततेमुळे त्याला केवळ वाटाड्या समजणे सोपे. परंतु श्रद्धा आणि चिकित्सा यांमधील हा ताण वगळल्यास ग्रंथाचे वाङ्मयीन मर्मच हरवते.