भांगेची साठवण : शार्ङ्गधराचा नियम आणि इ. स. १८९४ चा अहवाल

जुन्या वैद्यकाच्या बाडांत भांगेचे पाक, अवलेह व चूर्णें यांचे पाठ आढळतात. त्यांत भांगेचें वजन दिलेलें असतें. पण ती भांग चालू हंगामाची कीं दोन वर्षांपूर्वींची, हें पुष्कळदां लिहिलेलें नसतें. वाचक तो अंक पाहून दचकतो, आणि एवढी मात्रा पचविणारे आमचे पूर्वज केवढे बळकट, किंवा केवढे व्यसनी, असे तर्क करूं लागतो. हे दोन्ही तर्क एकाच अंकावर उभे आहेत, आणि त्या अंकाची किंमत साठवणीवर अवलंबून आहे. तेव्हां भांग कशी व किती दिवस राखली असतां तिचा गुण टिकतो, याविषयीं जीं दोन प्रमाणें नेहमीं पुढें केलीं जातात, त्यांची परीक्षा करण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यांपैकीं एक शार्ङ्गधरसंहितेच्या पूर्वखंडांतील प्रथमाध्यायाचा नियम, दुसरें, इ. स. १८९३-९४ सालीं हिंदुस्थान सरकारनें नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनचा अहवाल.

प्रथम शार्ङ्गधर. त्याच्या मतें वनस्पतिज औषध एका वर्षानंतर गुणहीन होतें. चूर्ण दोन महिन्यांतच हीनवीर्य होतें. गुटिका व अवलेह वर्षभर टिकतात. आसव, धातु व रस मात्र जसे जुने होतील तसे अधिक गुणवान् ठरतात. हाच ग्रंथकार त्याच खंडांत व्यवायी द्रव्याचें उदाहरण म्हणून भांग व अफू यांचीं नांवें घेतो. हीं दोन स्थळें एकत्र वाचून कित्येक लेखक असें म्हणतात कीं, भांगेचा गुण वर्षभर टिकतो हें शार्ङ्गधरानें अनुभवानें सांगितलें आहे. हें विधान आम्हांस मान्य नाहीं. वर्षाचा नियम सर्व वनस्पतींस सारखाच लागू केलेला आहे, भांगेचा त्यांत निर्देश नाहीं. आणि वर्ष ही मुदत मुख्यतः पिकाच्या चक्रावरून आलेली दिसते. नवें पीक घरांत आलें कीं जुनें टाकावें, हा व्यवहार धान्यापासून मसाल्यापर्यंत सर्वत्र चालतो. त्याला भांगेवरील प्रयोगाचें प्रमाणपत्र म्हणणें म्हणजे ग्रंथकाराच्या तोंडीं आपले शब्द घालणें होय.

परंतु चूर्णाचा नियम निराळा आहे. तो पिकाच्या चक्रांतून निघत नाहीं. अखंड वनस्पतीला वर्ष आणि तिच्याच चूर्णाला दोन महिने, हा भेद कोणीतरी पाहिल्यावांचून लिहिला जाणार नाहीं, आणि भांगेच्या बाबतींत तो किती मार्मिक आहे, हें इ. स. १९७६ सालीं लंडन येथील फेअरबेर्न व त्यांचे सहकारी यांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून कळतें. त्यांनीं पाल्याचे, राळेचे व शुद्ध द्रव्यांच्या द्रावणांचे नमुने निरनिराळ्या स्थितींत दोन वर्षांपर्यंत ठेवून पाहिले. सर्वांत अधिक नाश उजेडानें होतो, आणि तो उजेड प्रत्यक्ष उन्हाचाच असावा लागतो असें नाहीं. हवेनेंहि बराच नाश होतो. वीस अंशांपर्यंतच्या उष्णतेचा परिणाम नगण्य. फुलोऱ्यावरील ज्या सूक्ष्म ग्रंथींत राळ असते त्या न फुटतील तर त्या स्वतःच भरलेल्या व तोंड बंद केलेल्या कुप्यांप्रमाणें आंतील द्रव्य राखतात, असें त्यांचें निरीक्षण आहे. नीट तयार केलेला माल अंधारांत ठेवल्यास एक ते दोन वर्षें बरा टिकतो, हा त्यांचा निष्कर्ष. खलबत्त्यांत घातलेल्या भांगेच्या या सर्व कुप्या एकदम फुटतात. शार्ङ्गधराच्या चूर्णविषयक नियमाचें कारण, निदान या एका वनस्पतीपुरतें, येथें सांपडतें.

यावरून प्राचीनांस ऑक्सिजन ठाऊक होता असें म्हणणारे पुढें येतील, त्यांस आधींच सांगून ठेवतों कीं, तसें कांहीं सिद्ध होत नाहीं. चरकानें कल्पस्थानांत औषधें ठेवण्याच्या घराचें जें वर्णन केलें आहे तें पाहावें. द्वार पूर्वेस किंवा उत्तरेस असावें. अग्नि, पाणी, वाफ, धूर, धूळ, उंदीर व चतुष्पादें यांचा तेथें प्रवेश नसावा. भांडीं झांकून शिंक्यावर टांगावीं. सुश्रुत धूर, पाऊस, वारा व ओल यांची नांवें घेतो, आणि औषधें ठेवण्यास कापड, मातीचें भांडें, फळी व खुंटी सांगतो. या याद्या फार चांगल्या आहेत. पण त्यांत उजेडाचें नांव नाहीं. झांकलेल्या मातीच्या भांड्यांत उजेड आपोआपच शिरत नाहीं, ही गोष्ट वेगळी. गुण मडक्याचा आहे, सिद्धांताचा नव्हे. बाजारांतील आजच्या स्वच्छ कांचेच्या बरणीपेक्षां तें मडकें या कामीं सरस, इतकें मात्र कोणीहि कबूल करील.

आतां कमिशनचा अहवाल. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालीं सात सभासदांच्या या कमिशननें ११९३ साक्षीदारांचें म्हणणें घेतलें. गांजा-भांगेसंबंधीं एवढें साहित्य दुसऱ्या कोठें एकत्र नाहीं, आणि त्याच्या अनेक खंडांचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु साठवणीच्या मुद्द्यावर हे खंड प्रमाण म्हणून उद्धृत करणें धोक्याचें आहे; आणि दोष साक्षीदारांचा नसून प्रश्नाचा आहे. हीं द्रव्यें ठेवल्यानें बिघडतात काय, कालांतरानें अगदीं निर्गुण होतात काय, साधारण काळजीनें किती दिवस टिकतात, बिघडण्याचीं कारणें कोणतीं व त्यांवर उपाय काय, असे पांच प्रश्न एका दमांत विचारलेले आहेत. साधारण काळजी म्हणजे कोणती, हें सांगितलेलें नाहीं. नगर जिल्ह्यांतील पायांनीं तुडवून चपटा केलेला गांजा, बंगालच्या नौगांव भागांतील चपटा, गोल व चूर असे तीन प्रकार, आणि यारकंदहून लेहमार्गें कातडी पिशव्यांतून महिनेंच्या महिने प्रवास करून पंजाबांत उतरणारा चरस, या सर्वांस टिकाऊपणाचा एकच प्रश्न! चूर गांजा व अखंड फुलोरा यांच्या ग्रंथींची स्थिति एक नसते, हें वर आलेंच आहे. तेव्हां एकानें एक मुदत सांगितली व दुसऱ्यानें दुसरी, तर ते परस्परविरुद्ध बोलले असें होत नाहीं. ते निरनिराळ्या पदार्थांविषयीं बोलले. अशा उत्तरांची सरासरी काढणाऱ्या लेखकांनीं हें ध्यानांत घ्यावयास हवें होतें.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. साक्षीदारांनीं बिघाड ओळखावयाचा तो कशावरून? रंग, वास, चिकटपणा आणि ओढणाऱ्याचा अनुभव, एवढींच साधनें. त्यांपैकीं रंग तर पुरता फसवा. चिनी तुर्कस्थानांत, तुर्फानजवळील यांगहाई येथील सुमारें २७०० वर्षांपूर्वींच्या एका थडग्यांत ७८९ ग्रॅम भांग सांपडली. तिची रासायनिक परीक्षा इ. स. २००८ सालीं प्रसिद्ध झाली. कोरड्या हवेमुळें व खोल पुरल्यामुळें तिचा हिरवा रंगहि राहिला होता. मादक द्रव्य मात्र नाहींसें होऊन त्याच्या जागीं त्याच्या विघटनानें होणारें कॅनाबिनॉल उरलें होतें. बियांनीं अंकुर धरला नाहीं तो नाहींच. हिरवेपणा म्हणजे ताजेपणा, या समजुतीला याहून मोठें उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं.

या कॅनाबिनॉलची कथा संशोधकांनीं मुद्दाम पाहण्यासारखी आहे. कमिशनच्या अहवालानंतर दोनच वर्षांनीं, इ. स. १८९६ त, केंब्रिज येथें वुड, स्पिव्ही व ईस्टरफील्ड यांनीं चरसांतून हें द्रव्य वेगळें केलें, आणि हाच भांगेचा प्राण असें पुष्कळ दिवस मानलें गेलें. खरें मादक द्रव्य, टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, शुद्ध स्वरूपांत इ. स. १९६४ सालीं गाओनी व मेशुलाम यांनीं हातीं आणलें. तें हवेनें जुनें झालें म्हणजे त्यांतून कॅनाबिनॉल होतें. अर्थात् केंब्रिजकरांच्या हातीं जें आलें तो ताज्या चरसाचा गुण नव्हे, तर त्याच्या वार्धक्याची खूण होती. पुढें याच खुणेवरून मालाचें वय ठरविण्याची रीत निघाली. मिसिसिपी विद्यापीठांतील रॉस व एलसोली यांनीं गेल्या शतकाच्या अखेरीस दिलेल्या आंकड्यांप्रमाणें साध्या खोलींत ठेवलेल्या मालांतील मादक द्रव्य पहिल्या वर्षांत सुमारें १७ टक्के, दोन वर्षांत २७, तिसऱ्याअखेर ३४ ते ३५ आणि चार वर्षांत ४१ टक्क्यांपर्यंत घटतें. म्हणजे घट पहिल्याच वर्षीं सर्वांत अधिक. शार्ङ्गधराच्या वर्षाच्या सीमेवर एकाएकीं कांहीं घडत नाहीं. आणि वर्ष उलटलेलें सर्व गुणहीन, असेंहि नाहीं.

या आंकड्यांवरून बाडांतील वजनांकडे वळलें असतां, चार वर्षांच्या जुन्या भांगेचे पांच मासे हे ताज्या भांगेच्या तिनांहून फार अधिक भरत नाहींत. हा हिशेब अंधारांत, अखंड ठेवलेल्या मालाचा. कुटून ठेवलेल्याची स्थिति याहून वाईट. ज्या पाठांत भांग तुपांत सिद्ध करावयास सांगितली आहे तेथें आणखी एक गांठ आहे. शार्ङ्गधराच्या नियमांत घृत व तैल यांस चार महिन्यांची मुदत आहे, पण तेथील ‘अधिक’ या पदाचा अन्वय मागील वत्सराशीं लावल्यास ती सोळा महिन्यांची होते. चार आणि सोळा यांत केवढा फरक! आमचा कल चारांकडे आहे. कारण एरव्हीं तूप-तैल हें गुटिकेहूनहि टिकाऊ ठरतें, आणि उन्हाळ्यांत खवट होणाऱ्या तुपाचा अनुभव त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. पण अन्वयाचा प्रश्न केवळ अनुभवानें सुटत नाहीं. आढमल्लाची दीपिका व काशीरामाची गूढार्थदीपिका छापलेल्या आहेत, तरी छापील पाठावर आम्ही थांबूं इच्छीत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं शार्ङ्गधराच्या सटीक अथवा मराठी अर्थासह लिहिलेल्या पोथ्या असतील, त्यांनीं या श्लोकाचा पाठ, त्यावरील अर्थ, समासांतील टीप असल्यास ती, आणि पोथीचा लेखनशक, इतकें उतरून चिटणिसांकडे पाठवावें. येईल तें पुढील अंकीं देऊं.