खोकला काढू नका

गेल्या महिन्यात एका मित्राने मला एक फाईल पाठवली. सोबत एवढंच लिहिलं होतं : ‘एकदाची स्वच्छ झाली. ऐक.’ फाईल होती पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टरच्या सोफियातल्या मैफलीची. २५ फेब्रुवारी १९५८ची, तीच. कुणा हौशी माणसाने संगणकाच्या मदतीने तिच्यातला श्रोत्यांचा खोकला वेचून काढला होता. मी हेडफोन लावून मुसोर्गस्कीचं ‘पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन’ सुरू केलं आणि त्यातल्या ‘कॅटाकोम्ब्ज’पर्यंत कसाबसा पोचलो. तिथे बंद केलं. मित्राला उत्तर दिलेलं नाही. हा लेख म्हणजेच ते उत्तर.

ज्यांच्या घरी ही रेकॉर्ड आहे त्यांना त्या खोकल्याची ओळख करून द्यायला नको. भर हिवाळा, साधं मोनो ध्वनिमुद्रण, आणि अख्ख्या शहराला एकाच रात्री पडसं झाल्यासारखं सभागृह. रिख्टरची बोटंही त्या रात्री काही ठिकाणी भलत्या पट्टीवर पडतात. आजच्या कुठल्याही निर्मात्याने ती टेप परत पाठवली असती. तरीही साठ-पासष्ट वर्षं ही रेकॉर्ड बाजारातून हटलेली नाही, आणि ‘पिक्चर्स’ वाजवायला बसणारा कुठलाही पियानोवादक तिला चुकवून पुढे जाऊ शकलेला नाही.

‘कॅटाकोम्ब्ज’ म्हणजे जमिनीखालची दफनभुयारं. या तुकड्यात चाल म्हणावी असं जवळजवळ काही नाही. दगडी स्वरसमूह आहेत. एक दणक्यात, पुढचा दबक्या आवाजात, आणि मध्ये लांबलचक थांबे. पियानोला पेटीसारखा भाता नाही की सारंगीसारखा गज नाही. हातोडी तारेवर आपटली की त्या क्षणापासून सूर विझायला लागतो. त्याला किती विझू द्यायचं आणि पुढचा घाव कधी घालायचा, एवढंच वादकाच्या हातात उरतं. रिख्टर इथे विझणं वाजवतो. आणि त्या विझत्या सुरांवर कुणी ना कुणी खोकतंच. पण खोकला होऊन जातो आणि त्याच्यामागे सूर अजून जिवंत असतो. रस्त्यावरून ट्रक गेला तरी देवळातली समई तेवत असते, तसा. खोकल्यामुळे मला त्या सुराची लांबी कळते, सभागृहाची उंची कळते.

साफ केलेल्या फाईलमध्ये खोकला नाही, हे खरं. पण खोकला जिथे होता तिथे त्याच्यासोबत सुराचं शेपूटही कापलं गेलं आहे. दोघांच्या ध्वनिलहरी एकमेकींत मिसळलेल्या. एक उपसली की दुसरी थोडी तरी हाताला येतेच. मग ते भोक आजूबाजूच्या आवाजाने बुजवायचं. ऐकताना सूर तिथे पाण्याखाली गेल्यासारखा होतो आणि पुन्हा वर येतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शांतता. मूळ रेकॉर्डमधली शांतता माणसांनी भरलेली आहे. या फाईलमधली शांतता रिकामी आहे.

एका हौशी माणसाच्या उद्योगावर इतकं चिडण्याचं कारण काय, असं कुणी विचारेल. कारण तो एकटा नाही. पियानोच्या रेकॉर्डांचा सगळा व्यवहारच आज या दिशेने निघाला आहे.

कलावंत मेल्यावर त्याचे खोके होतात, ही आता रीतच झाली आहे. २०१५ साली रिख्टरच्या जन्मशताब्दीला निरनिराळ्या कंपन्यांनी जाडजूड संच काढले. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मीही विकत घेतले. गंमत अशी, की रिख्टरइतका संचाला नालायक पियानोवादक दुसरा नसेल. त्याला कशाचंच ‘संपूर्ण’ करायचं नव्हतं. बेटहोवनच्या ३२ सोनाटांपैकी जगप्रसिद्ध ‘मूनलाइट’ त्याने जाहीर मैफलीत वाजवली नाही, ‘वाल्डस्टाइन’ही नाही. पाच कन्चेर्टोंपैकी चौथा आणि पाचवा सोडून दिला. शोपँची प्रेल्यूड्स त्याने निवडून वाजवली. आवडलं ते आयुष्यभर घोकलं, नाही आवडलं त्याला हात लावला नाही. ‘संपूर्ण बेटहोवन’, ‘संपूर्ण शुबर्ट’ असे संच भरत बसलेल्या आजच्या पिढीने यातून काही घ्यावं. पण त्यांचे करार आधीच झालेले असतात.

स्टुडिओत रिख्टर बसला की बहुतेक वेळा काहीतरी बिनसायचं. १९६० साली तो पहिल्यांदा अमेरिकेत गेला. तिथे शिकागोच्या वाद्यवृंदाबरोबर लाइन्सडॉर्फच्या हाताखाली केलेल्या ब्राम्सच्या दुसऱ्या कन्चेर्टोच्या रेकॉर्डची लोक पारायणं करतात. त्याला स्वतःला ती आवडत नसे. १९६९ साली बर्लिनमध्ये बेटहोवनचा ‘ट्रिपल कन्चेर्टो’ झाला. संचालक कारायान, व्हायोलिनवर ओइस्त्राख, चेलोवर रोस्त्रोपोविच आणि पियानोवर रिख्टर, म्हणजे एका मुखपृष्ठावर चार सम्राट. रिख्टरने पुढे ब्रुनो माँसेंजाँच्या माहितीपटात या रेकॉर्डचे वाभाडे काढले. आणखी एकदा वाजवून घेऊ म्हटलं तर कारायानला वेळ नव्हता, फोटो काढायचे होते. रेकॉर्ड ऐका, फोटोच ऐकू येतो. अपवाद एकच मोठा : १९७० ते १९७३ या काळात साल्झबुर्गला केलेला बाखचा ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर’. त्यातही मला मोह पडतो तो त्या जागेच्या घुमण्याचा, ज्याला जाणकार दोष म्हणतात.

बाकी सारा रिख्टर रस्त्यावर सापडतो. फ्रान्समध्ये तूर शहराजवळ तेराव्या शतकातलं धान्याचं कोठार त्याला सापडलं आणि १९६४पासून तिथे त्याने उत्सव भरवला. १९८६ साली, सत्तरी उलटल्यावर, तो मोटारीने सायबेरिया ओलांडत गावोगाव वाजवत गेला. उतारवयात सभागृह अंधारं, समोर स्वरलिपी आणि तिच्यावर एक लहानसा दिवा, एवढ्यावर वाजवायचा. लोकांनी वादकाचा चेहरा पाहू नये, संगीत ऐकावं, हा त्यामागचा हेतू. अशा माणसाच्या टेपा कशा असणार? कुठे पियानो बेसूर, कुठे माईक लांब, कुठे खुर्ची करकरते.

त्या टेपांमध्ये शुबर्टची शेवटची बी-फ्लॅट सोनाटा आहे. तिचा पहिला भाग इतर बरेच जण वीस मिनिटांच्या आत आटोपतात. रिख्टर त्याला २४ मिनिटांच्या आसपास घेऊन जातो. सुरुवातीची ती शांत चाल, मग डाव्या हाताला खोल खाली एक घुमणारा खर्जातला कंप, मग थांबा. आपल्याकडे विलंबित ख्यालात गवई समेवर येऊन जरा थबकतो, तेव्हा श्रोत्याचा श्वास नकळत अडकतो. तसा हा थांबा. १९५७ साली पियानोवादक ग्लेन गूल्ड मॉस्कोला गेला असताना त्याने रिख्टरकडून ही सोनाटा ऐकली. शुबर्टची पुनरावृत्ती गूल्डला सोसत नसे. तरी त्या संध्याकाळी आपली जवळजवळ समाधी लागली, असं त्याने पुढे कबूल केलं.

गूल्डचं नाव निघालं की माझे वाचक बाह्या सरसावणार, हे ठाऊक आहे. स्टुडिओचा तो सर्वांत हुशार वकील. १९६४ साली त्याने मैफली कायमच्या सोडल्या आणि टेप कापून जोडणं ही वादकाची हक्काची कला आहे असं तो मांडू लागला. बाखच्या ए-मायनर फ्यूगचे त्याने अनेक टेक घेतले; सहावा आणि आठवा दोन्ही बिनचूक, पण प्रत्येक एकसुरी. मग दोन्ही कापून तिसराच जन्माला घातला, आणि हे लपवलं नाही, लेख लिहून सांगितलं. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर गेलेल्या तबकडीवर त्याने वाजवलेला बाख आहे आणि आमच्या गोव्यातल्या केरीच्या केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवीही आहे. दोन्ही स्टुडिओतल्याच. म्हणजे माझं भांडण स्टुडिओशी नाही.

माझं भांडण भीतीशी आहे. गूल्ड विचार होता म्हणून कापत होता. आज चूक ऐकू येईल म्हणून कापतात. बाखच्या ‘गोल्डबर्ग’च्या त्याच्या १९५५च्या रेकॉर्डचं दोन्हीकडून काय केलं ते पाहा. २००७ साली एका कंपनीने त्या रेकॉर्डचं आकड्यांत रूपांतर करून ते स्वयंचलित पियानोकडून वाजवून घेतलं. गूल्डचं वाजवतानाचं गुणगुणणं वगळून गूल्ड! मग २०१७ साली त्याच ध्वनिमुद्रणाचे सगळे नाकारलेले टेक संच करून विकले. एकदा माणूस काढून टाकला, एकदा त्याची कचऱ्याची टोपली विकली.

पियानोवादक होरोविट्झचं उदाहरण तर याहून बोलकं. १९६५ साली बारा वर्षांनी तो कार्नेगी हॉलमध्ये परतला. ती मैफल ‘जशीच्या तशी’ म्हणून घरोघरी गेली. पण काही चुका मागाहून गुपचूप दुरुस्त झाल्या होत्या, आणि खरीखुरी मैफल लोकांना ऐकायला मिळाली ती २००३ साली. बारा वर्षं गप्प बसलेल्या माणसाची बोटं पहिल्याच तुकड्यात घसरतात, ही त्या रात्रीची सर्वांत खरी गोष्ट. तीच अडतीस वर्षं दडवून ठेवली. उलट श्नाबेल हा पियानोवादक पाहा. १९३२ ते १९३५मध्ये त्याने लंडनच्या अ‍ॅबी रोडवर बेटहोवनच्या ३२ही सोनाटा ध्वनिमुद्रित केल्या. तिथे मेणाची तबकडी कापता-जोडता येत नव्हती. ‘हामरक्लाव्हियर’मध्ये बेटहोवनने दिलेली लय गाठायला तो धावतो, बोटं मागे पडतात, विचार पुढे निघून जातो. आज ती सोनाटा कितीतरी जण बिनचूक वाजवतात. त्यांची नावं मला लक्षात राहत नाहीत.

नावं लक्षात राहत नाहीत, यातच सगळं आलं. जॉइस हॅटो या इंग्लिश वादिकेच्या नावावर तिच्या पतीच्या छोट्या कंपनीने शंभराहून अधिक सीडी काढल्या. समीक्षकांनी, म्हणजे माझ्याच धंद्यातल्या लोकांनी, तिला अपूर्व ठरवलं. २००७च्या फेब्रुवारीत एकाने तिची लिस्टची सीडी संगणकात घातली आणि संगणकाने दुसऱ्याच वादकाचं नाव सांगितलं : लास्लो सिमोन. तपास झाला, एकामागून एक सीडी चोरीच्या निघाल्या. काहींचा वेगही बदललेला होता. पतीने अखेर कबुली दिली, आणि तिच्यात एक गोष्ट अशी आहे की ती मी विसरू शकत नाही. त्याच्या सांगण्याप्रमाणे सुरुवात साध्या हेतूने झाली. पत्नी कर्करोगाने आजारी, वाजवताना वेदनेने कण्हायची; ते कण्हणं झाकण्यापुरते त्याने दुसऱ्यांच्या रेकॉर्डमधले तुकडे लावले. तो खरं बोलत होता की नाही, तोच जाणे. पण रस्ता बरोबर दाखवला. आधी कण्हणं साफ झालं, मग चुका, शेवटी वादिकाच.

स्वच्छतेच्या नादात आपण रेकॉर्ड अशी करून ठेवली आहे की ती कुणाचीही असू शकते. रेकॉर्ड म्हणजे नुसता नाद नव्हे. अमुक माणूस, अमुक गावी, अमुक रात्री, अमुक लोकांसमोर हे वाजवत होता, याची ती साक्ष आहे. साक्षीदाराचं अडखळणं पुसून टाकलं की साक्ष स्वच्छ होते आणि खोटी ठरते. पियानोवादक दिनू लिपाती १९५०च्या सप्टेंबरात बेझाँसाँला शेवटचं वाजवायला बसला, तेव्हा शोपँच्या १४ वॉल्ट्झपैकी १३ झाले आणि चौदाव्यासाठी अंगात त्राण उरलं नाही. डिसेंबरात तो गेला, वय ३३. उद्या कुणी तो चौदावा वॉल्ट्झ त्याच्या ‘शैलीत’ यंत्राकडून तयार करून घेईल आणि मला फाईल पाठवील, ‘एकदाचा पूर्ण झाला.’ निवांत झोपेसाठी पियानोच्या याद्या विकणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही. ती बाब संगीताची नसून उशीची आहे.

हे सगळं युरोपातलं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. मराठी घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर खासगी मैफलींच्या कॅसेटी पडून आहेत. कुणाच्या दिवाणखान्यात झालेलं गाणं, तंबोऱ्याची जवारी, मध्येच कपबशीचा आवाज, कुणा जाणत्याची ‘क्या बात है’, आणि गवयाने त्या दाद देणाऱ्याकडे बघून पुन्हा घेतलेली तीच जागा. ती ‘क्या बात है’ काढली तर गवई ती जागा दुसऱ्यांदा का घेतो, हे कुणाला कळणार नाही. या टेपांना बुरशी लागायच्या आत त्या संगणकावर उतरवून घेणं भाग आहे. उतरवून देणारा तुम्हाला विचारील, ‘साफ करून देऊ का?’ त्याला नको म्हणा. आणि कॅसेटच्या कागदावर पेनाने लिहून ठेवा : तारीख, गाव, कुणाच्या घरी, साथीला कोण.