वास्तू आणि वारस

जुन्या इमारतींच्या जतनाचा विषय आपल्याकडे बहुधा दोन पक्षांच्या हाती सापडतो. एका पक्षाला प्रत्येक पडकी भिंत पवित्र वाटते. दुसऱ्याला तिच्याखालची जमीन तेवढी दिसते. ह्या दोहोंमधली वाट चालणारे वास्तुविशारद थोडे. त्यांत मुंबईचे विकास दिलावरी ह्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी नवे उभारण्यापेक्षा जुने उभे ठेवण्यात आपली बुद्धी वेचली. त्यांचा गौरव पुष्कळ झाला. युनेस्कोचे पुरस्कारही त्यांच्या कामांना अनेकवार लाभले. परंतु गौरव म्हणजे परीक्षण नव्हे. हे काम कोणत्या बळावर उभे आहे, आणि मुंबईबाहेर, सौंसर-पांढुर्ण्यासारख्या गावांत, त्यांतले काय लागू पडेल, हे पाहण्याचा आमचा येथे हेतू आहे.

भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय हे त्यांच्या कीर्तीचे पहिले मोठे निमित्त. ही वास्तू १८७२ साली लोकांस खुली झाली, आणि १९७५ साली तिला ज्यांचे नाव मिळाले ते भाऊ दाजी मूळचे पेडणे महालातील मांद्र्याचे. तेव्हा गोमंतकीय वाचकांसही ती परकी नाही. २००३ साली मुंबई महानगरपालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि इंटॅक ह्या तिघांत करार झाला. तस्नीम झकारिया मेहता ह्यांच्या नेतृत्वाखाली काम चालले. जतनाची वास्तुशास्त्रीय बाजू दिलावरींनी सांभाळली. २००५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च पुरस्कार ह्या कामास मिळाला, व २००८ साली संग्रहालय पुन्हा उघडले. तेथील लोखंडी खांब, फरशा, छतावरील नक्षी आणि सोनेरी मुलामा पाहून प्रेक्षक दिपून जातो. आम्हांस मात्र ह्या झळाळीत एक उणीव जाणवते. वास्तूला तिच्या तारुण्यातील एका दिवसाशी नेऊन बसविले, की मधल्या काळाच्या खुणा पुसल्या जातात. आणि दुर्लक्ष हीसुद्धा त्या वास्तूच्या इतिहासाचीच एक घटना असते.

ह्यापेक्षा फ्लोरा फाउंटनचे काम आम्ही अधिक मोलाचे समजतो. १८६४ सालच्या ह्या कारंज्याच्या दगडावर रंगाचे थरांवर थर चढले होते. २०१९ साली ते पुन्हा वाहू लागले, त्यापूर्वीचे बरेचसे श्रम काही जोडण्यात नव्हे, तर चढविलेले उतरविण्यात गेले. दगडाला मोकळा श्वास घेऊ द्यावा, चुन्याच्या जागी सिमेंट लिंपू नये, पाणी कोठून शिरते ते आधी शोधावे, ह्या साध्या वाटणाऱ्या नियमांत जतनाचे सारे शास्त्र सामावले आहे. ह्या कारंज्याशेजारीच हुतात्मा चौक आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या ज्या लढ्याचे ते स्मारक, त्याने काढलेल्या सीमेच्या आत सौंसर आणि पांढुर्णा आले नाहीत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून निघाले. छिंदवाड्याचा हा मराठी भाग मागे राहिला. २०२३ साली ह्याच दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला.

दिलावरींच्या कामाचा खरा कस आम्हांस आणखी एका ठिकाणी दिसतो. भायखळ्याचे ख्राइस्ट चर्च घ्या, अवर लेडी ऑफ ग्लोरी चर्च घ्या, किंवा जॉर्ज विटेट ह्यांनी रचलेले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय घ्या. ह्या शेवटच्या वास्तूच्या जतनास २०२२ साली युनेस्कोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ह्या सर्व वास्तू दुरुस्तीनंतरही पूर्वीचेच काम करीत आहेत. प्रार्थनेच्या जागी प्रार्थना होते, संग्रहाच्या जागी संग्रह आहे. त्याहून लक्षणीय म्हणजे गरीब पारशी कुटुंबांसाठी बांधलेल्या लाल चिमणी कंपाउंडसारख्या भाड्याच्या चाळी त्यांनी दुरुस्त केल्या. ज्या घरांत बेताच्या मिळकतीची माणसे राहतात, त्या घरांचा जिना आणि छप्पर ह्यांनाही संग्रहालयाच्या घुमटाइतकीच आस्था मिळावी, ही भूमिका आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीचा मुकुटमणी होय.

जतनाचा दुसरा मार्ग पुनर्वापराचा. गोव्यात जेरार्ड द कुन्हा ह्यांनी रेइश मागुश किल्ल्याचे काम केले, ते ह्याचे उत्तम उदाहरण. १९९३ पर्यंत तेथे तुरुंग होता. २०१२ साली तो लोकांस खुला झाला, आणि बंदीखान्याच्या भिंतींआड मारियो मिरांडा ह्यांची चित्रे आली. जेथे जुना उपयोग संपलाच आहे, किंवा संपावा अशीच सर्वांची इच्छा आहे, तेथे हा मार्ग योग्य. पण राहते घर रिकामे करून त्याचे उपाहारगृह करणे ह्यालाही आजकाल पुनर्वापर म्हणतात. त्यात भिंत वाचते, घर वाचत नाही.

आता मूळ प्रश्न. दिलावरींची बहुतेक मोठी कामे पाहिली, तर त्या सर्वांत एक समान गोष्ट आढळते: मालक एक आहे. कोठे महानगरपालिका, कोठे चर्च, कोठे विश्वस्त संस्था. निर्णय घेणारा ठाऊक आहे, खर्च करणारा ठाऊक आहे, आणि काम संपल्यावर वास्तू कोणाच्या हाती द्यावयाची हेही ठाऊक आहे. शिवाय मुंबईला १९९५ पासून वारसा-इमारतींची नियमावली आहे. देशात तिने ह्या बाबतीत पायंडा पाडला. कौशल्याचा आरंभ होण्यापूर्वी अर्धे काम असे स्वामित्वाने आणि नियमाने करून ठेवलेले असते. ह्यात दिलावरींचा दोष नाही; परंतु त्यांच्या यशाचा हिशेब मांडताना ही रक्कम जमेस धरली पाहिजे.

सौंसरचा वाडा घ्या. सागवानी खांब, मध्ये चौक, वर कवेलूंचे छप्पर. मध्य प्रदेशाचा १९६४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा त्याच्या वाटेस जात नाही, कारण तो संरक्षित म्हणून घोषित झालेला नसतो. त्याचा खरा कायदा वाटणीचा. आजोबांच्या नावचा वाडा नातवंडांच्या पिढीत पंधरा-वीस हिश्शांत जातो. मृगापूर्वी कवेलू फेरावे लागतात. कोकणात त्याला शाकारणे म्हणतात. ते कोणी फेरावे ह्यावर एकमत होत नाही. एक पावसाळा गळतो, दुसऱ्यात वासा कुजतो, तिसऱ्यात नगरपालिकेची नोटीस येते. वाडा वाळवीने पडला असे लोक म्हणतात. वास्तविक तो सातबाऱ्याच्या ह्या हिंदी भावंडांत, खसऱ्यात आणि नोंदीत, आधीच पडलेला असतो.

काही जण ह्याचा दोष वारसाहक्काच्या सुधारणेस देतात. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातील तेविसाव्या कलमाने राहत्या घराची वाटणी मागण्याचा मुलीचा हक्क पुरुष वारसांच्या इच्छेवर टांगून ठेवला होता. २००५ साली ते कलम रद्द झाले. आम्ही स्पष्ट सांगतो, ते रद्द झाले हेच योग्य झाले. लेकीचा हिस्सा बुडवून जो वाडा उभा राहतो, त्याच्या जतनात आम्हांस काडीचाही रस नाही.

पण न्याय म्हणजे भिंत घालणेच, असेही नाही. १८९३ चा वाटणी-कायदा न्यायालयास सांगतो की, मिळकतीचे तुकडे करणे सोयीचे नसेल तर निम्म्या वा अधिक हिश्शाच्या मागणीवरून तिची विक्री करता येते. आणि अशा वेळी इतर हिस्सेदारांस ठरविलेल्या किमतीने ते हिस्से विकत घेता येतात. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा बाहेरच्याने घेऊन वाटणीचा दावा लावला, तर तो हिस्सा परत विकत घेण्याची मुभा चौथे कलम घरच्यांस देते. गोव्यात तर वारसांच्या प्रकरणात सहवारसांतच बोली लावून घर एकाकडे ठेवण्याची आणि बाकीच्यांस रोख रक्कम देण्याची परंपरा पोर्तुगीज कायद्यापासून चालत आलेली. २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यानेही ती राखली. तेथेही बंद घरे पुष्कळ आहेत, हे खरे. तरी घर अखंड राहावे आणि हिस्सा मात्र प्रत्येकास मिळावा, ही कल्पना कायद्यास नवी नाही. आमच्याकडे तिचा उपयोग करण्याची सवय नाही, इतकेच.

म्हणून दिलावरींच्या कारकिर्दीतून सौंसर-पांढुर्ण्याने काय घ्यावे? सोनेरी मुलामा नव्हे, आणि पुरस्कारांची हावही नव्हे. घ्यावी ती दुरुस्तीची निष्ठा: दरवर्षी थोडे करावे, वेळेवर करावे, जुन्यास जुळेल अशा साहित्याने करावे. पण त्यापूर्वी हिस्सेदारांनी एका कागदावर सह्या कराव्यात: कवेलू कोणी फेरावे, पन्हळ कोणी साफ करावी, खर्च कसा वाटावा, आणि ज्याला बाहेर पडावयाचे त्याला किंमत कशी मिळावी. असा कागद लिहून देणे हे वकिलाचे काम, पुढचे वास्तुविशारदाचे. मुंबईत हा क्रम आपोआप जुळून येतो, म्हणून तेथे वास्तुविशारदाचे नाव होते. आमच्याकडे तो जुळवून आणावा लागेल.

दिलावरींनी दगड आणि चुना ह्यांची भाषा एका पिढीस शिकविली. हे ऋण मोठे आहे. परंतु वास्तू वाचते ती शेवटी वारसांच्या संमतीने. जेथे ती संमती नाही, तेथे निष्णातातला निष्णात वास्तुविशारदही दारात उभा राहून परत फिरेल.