‘राझी’मध्ये ढाका कुठे आहे?

मेघना गुलजारचा ‘राझी’ मी तीनदा पाहिलाय. पहिल्यांदा मे २०१८ मध्ये, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या सेमिस्टरची सबमिशन्स टाकून. पाकिस्तानी माणसाला माणूस म्हणून दाखवणारा एक तरी सिनेमा आला, असं तेव्हा वाटलं होतं. तिसऱ्यांदा पाहिला तो सिंगापूरला, ऑनसाइट असताना. सोबत टीममधला ढाक्याचा मित्र होता. सिनेमा संपल्यावर तो म्हणाला, "मस्त आहे. पण हे युद्ध नेमकं झालं कुठे?"

मला आधी प्रश्नच कळला नाही.

सिनेमाची बाजू आधी सांगतो, कारण ती खरंच भक्कम आहे. सेहमत (आलिया भट) हेरगिरीसाठी लग्न करून एका पाकिस्तानी लष्करी घरात जाते. सासरे प्रेमळ, नवरा (विकी कौशल) इतका समजूतदार की त्याचाच जीव तुटायला लागतो. तिथल्या शाळेतल्या मुलांकडून ती ‘ऐ वतन’ बसवून घेते. मुलं गातात पाकिस्तानसाठी, ती गाते भारतासाठी, आणि गाण्यात देशाचं नावच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर देश हा नुसता व्हेरिएबल. हवी ती व्हॅल्यू टाका, प्रोग्रॅम चालतो. याच गाण्यात इक्बाल यांच्या प्रार्थनेच्या ओळी गुंफल्यात. ‘सारे जहाँ से अच्छा’ लिहिणारे आणि पाकिस्तान ज्यांना राष्ट्रकवी मानतो तेच इक्बाल. आपल्याकडे १५ ऑगस्टला हे गाणं लावतात, तेव्हा सिनेमात ते पाकिस्तानी अधिकाऱ्यांसमोर गायलं जातं हे कुणाला आठवतही नाही.

इतकी बारीक नजर असलेला हा सिनेमा घडतो १९७१ मध्ये. त्या वर्षी २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कर ढाक्यात आपल्याच नागरिकांवर तुटून पडलं. पुढच्या काही महिन्यांत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. ‘राझी’त मात्र लक्षात राहील असा एकही बंगाली चेहरा नाही. सगळी धडपड ‘विक्रांत’ वाचवण्याची. ‘बॉर्डर’ (१९९७) तर लोंगेवालाच्या वाळूतून हलतच नाही.

मला जास्त खटकलं ते वेगळंच. ब्रिगेडियर सासरे इतके सज्जन राहू शकतात, ते ढाका पडद्यावर नाही म्हणून. त्यांचं लष्कर तिथे काय करत होतं हे दिसलं असतं, तर त्या घरातल्या डायनिंग टेबलाकडे आपण इतक्या मायेने पाहिलं असतं का? एका शेजाऱ्याशी उदार होताना सिनेमाने दुसऱ्याला सरळ गाळून टाकलंय. आणि मला ते सहा वर्षं जाणवलं नाही, कारण माझ्याही डोक्यात १९७१ म्हणजे भारत-पाक मॅच. १६ डिसेंबर, नियाझींची सही, ९३ हजार युद्धकैदी. ती सही ढाक्यातल्या मैदानावर झाली, पण आपल्या आठवणीत ढाका म्हणजे फक्त व्हेन्यू. मित्राच्या लेखी ते मुक्तियुद्ध. त्याच्या आजीचा धाकटा भाऊ त्या मार्चमध्ये घराबाहेर पडला तो परत आलाच नाही.

२०२३ चा ‘पिप्पा’ एकदाचा पूर्वेला गेला. पण तिथेही काझी नझरुल इस्लाम यांच्या गाण्याला रहमानने नवी चाल दिली आणि बांगलादेशात, पश्चिम बंगालमध्येही लोक भडकले. निर्मात्यांना माफी मागावी लागली.

ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना देश सोडून भारतात आल्या, तेव्हा आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज आला: "देश आपण मिळवून दिला, आणि हे उपकार विसरले." मी थम्ब्सअप दिला होता. ज्यांनी उपकार विसरले म्हणत होतो, त्यातला एकही माणूस मी तोवर पडद्यावर किंवा प्रत्यक्षात धड पाहिला नव्हता. मला ठाऊक असलेला ‘बांगलादेशी’ म्हणजे पुण्यात सोसायटीचं रंगकाम करणाऱ्या पोरांना लोक मारायचे ती हाक. ती पोरं मालद्याची होती. मी कधी कुणाला टोकलं नाही.

त्या रात्री मित्राने झहीर रायहान यांची ‘स्टॉप जेनोसाइड’ लावली. १९७१ मध्येच केलेली, वीसेक मिनिटांची डॉक्युमेंटरी. काही महिन्यांनी, जानेवारी १९७२ मध्ये, भावाला शोधायला गेलेले रायहान स्वतःच बेपत्ता झाले. तिच्यातल्या निर्वासितांच्या छावण्या आपल्याच हद्दीतल्या आहेत. मित्र मधूनमधून पॉज करून काहीतरी सांगत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडअप होता, तरी आम्ही ती पुन्हा पहिल्यापासून पाहिली.