भ चा म

अक्षराच्या किनारीवर आपल्याकडे समीक्षकांनी अजून लेखणी उचललेली नाही. कवितेच्या एका ओळीवर चार-चार पानं लिहिणारी ही मंडळी चौकातल्या फ्लेक्सखालून रोज जातात, पण मान वर करून बघतील तर शपथ! तेव्हा हे काम माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनाच्या गळ्यात पडलं.

निमित्त झालं भाऊंच्या निवृत्तीचं. भाऊ आमच्या शाखेतले शिपाई. ३६ वर्षं दुसऱ्यांच्या नावाचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेले. स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत कुठं लागलेलं पाहिलं नाही. म्हणून वर्गणी काढून आम्ही दहा फुटी फ्लेक्स केला. सकाळी तो दारावर चढला आणि रस्त्यापलीकडून वाचला, तर 'आमचे लाडके माऊ'!

भाऊ शेजारीच उभे. म्हणाले, "साहेब, माझा चष्मा बदलायला झालाय वाटतं."

दुपारी दुकान गाठलं. तिथला मुलगा म्हणाला, "काका, जाड आउटलाइन दिली की अक्षर कसं उठून दिसतं!"

उठून दिसलं खरं, पण वाचता येईना! अहो, किनार कशासाठी? पिवळं अक्षर मागच्या फोटोत मिसळू नये म्हणून. ती कुंपण आहे, पीक नव्हे.

फोटोशॉपमध्ये 'स्ट्रोक' देताना तीन जागा विचारतात: आउटसाइड, इनसाइड, सेंटर. हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही, हिशोबाचा आहे. १० पिक्सेलच्या दांडीला ६ ची किनार 'सेंटर' दिली, की दोन्ही बाजूंनी ३-३ आत येतात आणि मूळ रंगाला उरतात ४. 'इनसाइड' दिली तर खातंच बुडालं. 'आउटसाइड' दिली म्हणजे भांडवल शाबूत, खर्च बाहेरच्या बाहेर. गिम्पवाल्यांची जुनी रीतही हीच: 'अल्फा टू सिलेक्शन' करायचं, निवड चार-दोन पिक्सेलनी वाढवायची आणि रंग भरायचा तो अक्षराखालच्या नव्या लेयरवर. अक्षर वर, किनार खाली. ज्याची त्याची पायरी!

पण आउटसाइडलाही मर्यादा हवी. भ च्या डोक्यावर शिरोरेषेत एक फट असते. त्याचं सगळं भ-पण त्या फटीत. फट ८ पिक्सेलची आणि किनार ४ ची, की दोन्ही काठांवरून ४-४ येऊन फट बुजलीच. दुरून बघणाऱ्याला भ चा म आणि ध चा घ. १७७३ साली आनंदीबाईंनी ध चा मा केला म्हणतात; त्यांना निदान लेखणी तरी हातात घ्यावी लागली. इथं माउसनं काम भागतं. तेव्हा सर्वांत अरुंद फट मोजावी आणि किनार तिच्या निम्म्याहून कमी ठेवावी.

कोरलड्रॉमध्ये दुखणं निराळं. तिथं प्रत्येक अक्षराला वेगळी किनार बसते, त्यामुळे शिरोरेषेच्या सांध्यासांध्यावर उभ्या रेघा दिसतात. शब्द कसला, मालगाडीच ती! त्यावर उपाय म्हणजे आधी अक्षरांचे कर्व्ह करायचे, ते 'वेल्ड' करून एकजीव करायचे आणि मगच किनार. फोटोशॉपचा स्ट्रोक अख्ख्या लेयरच्या बाह्याकाराला लागतो, म्हणून तिथं हे डबे दिसत नाहीत.

मुलगा गुणी निघाला. त्यानं ४ ची २ केली, म्हणाला, "काका, हे जरा फिकं वाटतंय." मी म्हटलं, "वाटू दे. भाऊही आयुष्यभर तसेच वाटले."

संध्याकाळी नवा फ्लेक्स चढला. भाऊंनी रस्त्यापलीकडे जाऊन, चष्मा काढून तो वाचला. समारंभ संपल्यावर दोन्ही फ्लेक्स मागून घेतले. म्हणाले, "माऊ गळक्या छपरावर टाकतो."

"आणि भाऊ?"

"तो घरात."